स्पॅनिश भाषकांना इंग्रजी वाक्प्रचारांतील प्रिपोझिशन्स कशी शिकवावीत

मराठी माणसाने स्पॅनिश भाषकाला इंग्रजी शिकवणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ऑनलाइन वर्गांमुळे पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसलेल्या शिक्षकासमोर मेक्सिको, कोलंबिया, पेरू किंवा स्पेन येथील विद्यार्थी सहज येऊ शकतो, आणि टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर कामाच्या ठिकाणी व शेजारात स्पॅनिश बोलणारी माणसे रोजच भेटतात. या विद्यार्थ्यांना मोठे, पुस्तकी इंग्रजी शब्द फारसे अडवत नाहीत, कारण लॅटिनमधून आलेले असंख्य शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखे आहेत. ‘इम्पॉर्टंट’ला ‘इम्पोर्तान्ते’, ‘पॉसिबल’ला ‘पोसिब्ले’ हे त्यांना घरचेच वाटते. अडचण येते ती ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘टू’ या लहान शब्दांशी. वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचू शकणारा विद्यार्थीही ‘इट डिपेंड्स ऑफ द वेदर’, ‘आय ड्रीम्ड विथ यू’, ‘शी इज मॅरिड विथ अ डॉक्टर’ असे सहज बोलून जातो.

या चुका विस्कळीत नसतात. जवळजवळ प्रत्येक चुकीमागे एक अगदी शुद्ध स्पॅनिश वाक्य उभे असते. ‘डिपेंड ऑफ’च्या मागे ‘देपेन्देर दे’ आहे, ‘ड्रीम विथ’च्या मागे ‘सोन्यार कोन’ आहे आणि ‘मॅरिड विथ’च्या मागे ‘कासादो कोन’ आहे. म्हणून या मार्गदर्शनाचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे: प्रिपोझिशन्स इंग्रजी क्रमाने न शिकवता ती स्पॅनिश शब्दांच्या बाजूने लावून शिकवावीत. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत ‘इन’चा एक धडा, ‘ऑन’चा दुसरा आणि ‘ॲट’चा तिसरा असतो. परंतु विद्यार्थ्याच्या मनात हे तीन धडे वेगळे नसतातच, तिथे एकटा ‘एन’ असतो. जिथे त्याची वाट फुटते तिथेच उभे राहून शिकवले, तर त्याला आपण कुठे चुकतो हे स्वतःलाच दिसू लागते.

यासाठी शिक्षकाला अस्खलित स्पॅनिश येण्याची गरज नाही. स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतल्या शाळांत मुले प्रिपोझिशन्सची यादी आपल्याकडच्या पाढ्यांसारखी तालात पाठ करतात: ‘आ, आन्ते, बाखो, काबे, कोन, कोन्त्रा, दे, देस्दे, एन, एन्त्रे’ आणि पुढे ‘सोब्रे, त्रास’पर्यंत. या पारंपरिक यादीतले ‘काबे’ आणि ‘सो’ आज बोलण्यात उरलेले नाहीत, आणि बाकीच्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी आहेत. खरा भार ‘एन’, ‘दे’, ‘आ’, ‘कोन’, ‘पोर’ आणि ‘पारा’ या सहा शब्दांवर पडतो. हे सहा ओळखता आले आणि ‘हे तू स्पॅनिशमध्ये कसे म्हणशील?’ हा प्रश्न वेळेवर विचारता आला, की पहिली तयारी झाली. विद्यार्थ्यालाही ही यादी म्हणायला लावावी. शाळेतली जुनी ओळख असल्यामुळे तो आनंदाने म्हणतो आणि चर्चेला एक सामाईक आधार मिळतो.

‘एन’पासून सुरुवात करावी

‘एन’ हा शब्द इन, ऑन आणि ॲट या तिघांचे काम एकटा करतो. टेबलावर, घरात, विद्यापीठात, विमानात, जानेवारीत, दूरचित्रवाणीवर या सर्वांना स्पॅनिशमध्ये ‘एन’च लागतो. पाठ्यपुस्तके येथे बिंदू, पृष्ठभाग आणि पेटी अशी तीन चित्रे देतात. स्थळ सांगण्यापुरती ती उपयोगी पडतात, परंतु वाक्प्रचारांत शिरताच त्यांचा आधार सुटतो. ‘ॲट होम’, ‘ऑन टीव्ही’, ‘इन लव्ह’ यांना चित्रे लावत बसण्यात वेळ जातो आणि विद्यार्थी शेवटी गोंधळतोच. माझ्या मते चित्रे एकदा दाखवून बाजूला ठेवावीत आणि नाम व प्रिपोझिशन एकत्रच, एक शब्द असल्यासारखे शिकवावे. ‘ऑन द बस’ आणि ‘इन द कार’ यांतला फरक मात्र नियमाने सांगता येतो: ज्या वाहनात उभे राहून चालता येते, म्हणजे बस, रेल्वे, विमान, जहाज, त्यांना ऑन, ज्यात वाकून बसावे लागते, त्या मोटारीला किंवा टॅक्सीला इन. हा नियम विद्यार्थ्यांना आवडतो आणि लक्षातही राहतो.

क्रियापदांकडे आल्यावर आधी न चुकणारी क्रियापदे बाजूला काढावीत. ‘क्रेएर एन’ म्हणजे बिलीव्ह इन, ‘पार्तिसिपार एन’ म्हणजे पार्टिसिपेट इन. येथे दोन्ही भाषा एका वाटेने जातात, त्यामुळे एकदा उल्लेख करून पुढे जावे. चुकणारी क्रियापदे मोजकी आणि फार वापरातली आहेत. ‘पेन्सार एन’ हे थिंक अबाउट किंवा थिंक ऑफ होते, ‘कोन्सिस्तीर एन’ हे कन्सिस्ट ऑफ होते, ‘इन्सिस्तीर एन’ हे इन्सिस्ट ऑन होते आणि ‘कोन्सेन्त्रार्से एन’ हे कॉन्सन्ट्रेट ऑन होते.

‘ऑन’च्या गटात एक अर्थाचा धागा सापडतो, आणि तो मराठी शिक्षकाला चटकन दिसतो. डिपेंड ऑन, रिलाय ऑन, काउंट ऑन, लीन ऑन, लिव्ह ऑन या सर्वांत एखाद्या गोष्टीवर भार टाकल्याची कल्पना आहे. आपणही कुणावर अवलंबून असतो, कुणावर विसंबतो, कुणावर भरवसा ठेवतो आणि नुसत्या दुधावर राहतो. मराठीतला ‘वर’ आणि इंग्रजीतला ‘ऑन’ येथे इतके जुळतात, की ही जोडी आपल्याला अवघड वाटतच नाही. नेमका तिथेच शिक्षकाचा अंदाज चुकण्याचा धोका असतो. स्पॅनिशमध्ये अवलंबून राहायला ‘दे’ लागतो आणि भिस्त ठेवायला ‘कोन्तार कोन’ म्हणतात, त्यामुळे ‘काउंट विथ मी’ हे वाक्य स्पॅनिश कानाला पूर्ण बरोबर वाटते. आपल्याला सोपे वाटणारे विद्यार्थ्यालाही सोपे असेल असे धरून चालू नये. भाराची कल्पना हातवाऱ्यांनी, उदाहरणांनी उलगडून दाखवावी आणि मग ही पाच-सहा क्रियापदे एकत्र गुंफावीत.

वाक्प्रचारांत ‘एन’ एका गमतीच्या जागी फसवतो. ‘एस्तार एन लास नूबेस’, म्हणजे शब्दशः ढगांत असणे, हे स्पॅनिशमध्ये लक्ष नसलेल्या, तंद्रीत हरवलेल्या माणसाबद्दल म्हणतात. इंग्रजीतले ‘ऑन क्लाउड नाइन’ मात्र अत्यानंदासाठी आहे. विद्यार्थी ढग पाहून दोन्ही एकच समजतो. त्या आनंदाला स्पॅनिशमध्ये ‘एन एल सेप्तिमो सिएलो’ म्हणतात, म्हणजे सातव्या स्वर्गात, आणि इंग्रजीतही ‘इन सेव्हन्थ हेवन’ आहेच. अशा वेळी तिन्ही वाक्प्रचार एकाच पानावर शेजारी लिहावेत. ‘एन ला पुन्ता दे ला लेंग्वा’ आणि ‘ऑन द टिप ऑफ माय टंग’ ही जोडी उलट सरळ आहे: शब्द तेच, प्रतिमा तीच, फक्त ‘एन’च्या जागी ऑन.

‘दे’ आणि ‘कोन’

‘दे’ची सवय विद्यार्थ्याला ‘ऑफ’कडे ओढते. पुष्कळदा ती बरोबरच असते: ‘येनो दे’ म्हणजे फुल ऑफ, ‘कान्सादो दे’ म्हणजे टायर्ड ऑफ, ‘ओर्गुयोसो दे’ म्हणजे प्राउड ऑफ. या यशामुळेच पुढच्या चुका पक्क्या होतात. ‘एनामोरार्से दे’चे फॉल इन लव्ह विथ होते, ‘रेस्पोन्साब्ले दे’चे रिस्पॉन्सिबल फॉर आणि ‘रेइर्से दे’चे लाफ ॲट. शेवटच्या क्रियापदासोबत ‘ॲट’चा एक छोटा गट घ्यावा: लुक ॲट, स्टेअर ॲट, पॉइंट ॲट, एम ॲट, शाउट ॲट. या सर्वांत कुणालातरी लक्ष्य केलेले असते. म्हणूनच ‘शाउट टू’ आणि ‘शाउट ॲट’ यांत फरक पडतो. पहिल्यात दूरच्या माणसाला ऐकू जावे म्हणून हाक मारलेली असते आणि दुसऱ्यात त्याच्यावर राग काढलेला असतो. ‘थ्रो टू’ म्हणजे झेलण्यासाठी टाकणे आणि ‘थ्रो ॲट’ म्हणजे मारण्यासाठी फेकणे. या दोन जोड्या वर्गात करून दाखवल्या, तर ‘ॲट’चा स्वभाव पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

तमभावात ‘दे’ हमखास डोकावतो. ‘एल मास आल्तो देल मुन्दो’ म्हणणारा विद्यार्थी ‘द टॉलेस्ट ऑफ द वर्ल्ड’ असे लिहितो, तर इंग्रजीला तेथे ‘इन द वर्ल्ड’ हवे असते. आपण ‘जगातला सर्वांत उंच’ म्हणतो, त्यामुळे मराठी भाषकाकडून ही चूक सहसा होत नाही. नामांनंतरही अशीच काळजी घ्यावी. किल्ली दाराची, कारण एखाद्या गोष्टीचे, वाढ किमतीची, या सर्वांना स्पॅनिशमध्ये ‘दे’ चालतो. इंग्रजीत मात्र की टू द डोअर, रीझन फॉर, इन्क्रीज इन अशी तीन वेगळी रूपे येतात. येथे कोणताही नियम मदतीला येत नाही. नाम शिकवतानाच त्याचे शेपूट शिकवावे.

‘दे’चे वाक्प्रचार तर कोणत्याही सूत्रात बसत नाहीत. ‘दे मेमोरिआ’ हे बाय हार्ट होते, ‘दे वाकासिओनेस’ हे ऑन हॉलिडे किंवा ऑन व्हेकेशन, ‘दे नोचे’ हे ॲट नाइट आणि ‘दे एचो’ हे इन फॅक्ट. ‘दे पिएस आ काबेसा’, म्हणजे पायांपासून डोक्यापर्यंत, याला इंग्रजीत ‘फ्रॉम हेड टू टो’ म्हणतात. येथे प्रिपोझिशन्स ठरावीक जोडीने येतात, परंतु अवयवांचा क्रम उलटतो, आणि विद्यार्थी सवयीने पायांपासून सुरुवात करतो.

‘कोन’बद्दल थोडकेच सांगण्यासारखे आहे. सोन्यार कोन, कासार्से कोन आणि कोन्तार कोन ही तीन क्रियापदे पक्की झाली की त्याचा बराचसा त्रास संपतो. लग्नाच्या बाबतीत मराठी शिक्षकाने स्वतःकडेही लक्ष द्यावे. आपण ‘डॉक्टरशी लग्न केले’ म्हणतो आणि आपल्याकडेही ‘मॅरिड विथ’ सर्रास ऐकू येते. इंग्रजीत मॅरी या क्रियापदाला काहीच लागत नाही, आणि मॅरिड या विशेषणाला टू लागतो.

‘आ’ आणि पावसाखाली चालणारी माणसे

‘आ’ या एका अक्षराचे वाक्प्रचार स्पॅनिशमध्ये भरपूर आहेत आणि इंग्रजीत ते दाही दिशांना पांगतात. ‘आ पिए’ म्हणजे ऑन फुट, ‘आ प्रिमेरा विस्ता’ म्हणजे ॲट फर्स्ट साइट, ‘आ सांग्रे फ्रिआ’ म्हणजे इन कोल्ड ब्लड, ‘आ कांबियो दे’ म्हणजे इन एक्स्चेंज फॉर. सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘आ मानो’चे आहे. ‘एचो आ मानो’ म्हणजे हाताने केलेले, मेड बाय हँड. ‘तेनेर आ मानो’ म्हणजे हाताशी असणे, हॅव ॲट हँड. स्पॅनिशमध्ये एकच शब्दसमूह, इंग्रजीत दोन. याच ठिकाणी विद्यार्थ्याला सांगावे, की इंग्रजी वाक्प्रचारात नाम तेच राहून प्रिपोझिशन बदलले तर अर्थच बदलतो. बाय हँड, ॲट हँड आणि आउट ऑफ हँड यांचा एकमेकांशी संबंध नाही. बाय द वे म्हणजे ‘सहज आठवले म्हणून’, ऑन द वे म्हणजे वाटेत, आणि इन द वे म्हणजे अडथळा होऊन. अशा संचांवर पूर्ण तास खर्च केला तरी तो वाया जात नाही.

‘आल फिनाल’चेही असेच आहे. त्याचे इन द एंड करायचे की ॲट द एंड, हा प्रश्न पुढच्या पातळीवरच्या विद्यार्थ्यांनाही पडतो. बहुतेक वेळा कामी येणारी खूण अशी: पुढे ‘दे’ येऊन कशाचा शेवट ते सांगितले असेल तर ॲट द एंड ऑफ, आणि ‘आल फिनाल’ एकटाच ‘अखेरीस, सरतेशेवटी’ या अर्थाने आला असेल तर इन द एंड. ‘आ तिएम्पो’ची फोड मात्र अर्थाने करावी. ठरलेल्या वेळेला पोचणे म्हणजे ऑन टाइम. उशीर होऊन काही निसटण्याआधी पोचणे म्हणजे इन टाइम. रेल्वे ऑन टाइम येते. आपण ती पकडायला इन टाइम पोचतो.

पोचण्याच्या क्रियापदालाही ‘आ’ चिकटलेला असतो. ‘येगार आ’मुळे ‘अराइव्ह टू’ ही चूक होते. शहर किंवा देश असेल तर अराइव्ह इन, आणि स्टेशन, विमानतळ, कार्यालय असेल तर अराइव्ह ॲट. बोलण्यात ‘गेट टू’ हा सोपा पर्याय आहे, आणि त्यात टू असल्यामुळे तो विद्यार्थ्याला मानवतो.

हवामानाच्या वाक्प्रचारांत मराठी शिक्षकाला आपल्या भाषेची उत्तम साथ मिळते. स्पॅनिश माणूस ‘बाखो ला युव्या’, म्हणजे पावसाखाली, चालतो. ‘आल सोल’, ‘आ ला सोम्ब्रा’ आणि ‘आ ओस्कुरास’ येथे ‘आ’ येतो. आपण पावसात, उन्हात, सावलीत आणि अंधारात असतो, आणि इंग्रजीही चारही ठिकाणी इन वापरते: इन द रेन, इन द सन, इन द शेड, इन द डार्क. हा चौकडा एकत्र शिकवावा. ‘वॉकिंग अंडर द रेन’ ही चूक ऐकायला कितीही काव्यमय वाटली तरी ती तशीच सोडू नये.

याउलट ‘समोर’ या शब्दाबाबत मराठी आणि स्पॅनिश दोघीही एकाच खड्ड्यात पडतात. रस्त्याच्या पलीकडे असलेल्या बँकेबद्दल आपण ‘घरासमोर बँक आहे’ म्हणतो आणि स्पॅनिश भाषक ‘एनफ्रेन्ते दे मि कासा’ म्हणतो. त्या शब्दात ‘फ्रंट’चा भास असल्यामुळे तो ‘इन फ्रंट ऑफ माय हाउस’ लिहितो. इंग्रजीत पलीकडच्या बाजूसाठी ऑपोझिट किंवा अक्रॉस फ्रॉम लागते. स्पॅनिशमधला ‘देलान्ते दे’ हा शब्द मात्र खरोखर इन फ्रंट ऑफ आहे. हा भेद विद्यार्थ्याच्याच भाषेत आहे हे दाखवून दिले, की काम निम्मे होते.

‘पोर’चा पसारा

‘पोर’ या शब्दाचे रूपांतर शोधण्याचा प्रयत्न विद्यार्थ्याने सोडून द्यावा, असे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. ‘पोर एखेम्प्लो’ हे फॉर एक्झाम्पल, ‘पोर कासुआलिदाद’ हे बाय चान्स, ‘पोर एर्रोर’ हे बाय मिस्टेक, ‘पोर फिन’ हे ॲट लास्ट, ‘पोर लो मेनोस’ हे ॲट लीस्ट, ‘पोर सुपुएस्तो’ हे ऑफ कोर्स, ‘पोर ओत्रो लादो’ हे ऑन द अदर हँड, ‘पोर एस्क्रितो’ हे इन रायटिंग. एका ‘पोर’मागे सहा इंग्रजी शब्द उभे राहिले. अपघात आणि चूक यांना बाय लागतो एवढा छोटा गट बांधता येतो, आणि त्यात ‘पोर लोस पेलोस’, म्हणजे केसाच्या अंतराने, हाही बसतो, कारण इंग्रजीत थोडक्यात निभावणाऱ्याबद्दल ‘बाय द स्किन ऑफ हिज टीथ’ म्हणतात. बाकीचे पाठच करावे लागतात. ते सुटे पाठ न करता पूर्ण वाक्यात, शक्यतो विद्यार्थ्याने स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलेल्या वाक्यात, पाठ करून घ्यावेत.

मुदतीचा विषय येथेच उरकावा. ‘पारा एल लुनेस’ म्हणजे सोमवारपर्यंत काम पुरे करणे, आणि त्याला बाय मंडे म्हणतात. ‘आस्ता एल लुनेस’ म्हणजे सोमवारपर्यंत चालू ठेवणे, आणि त्याला अंटिल मंडे म्हणतात. मराठीत दोन्हींना ‘पर्यंत’च आहे, त्यामुळे शिक्षकाने स्वतःही सावध राहावे. मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कोलंबियाच्या काही भागांतल्या विद्यार्थ्यांबाबत आणखी एक गोष्ट माहीत असावी. तेथे ‘आब्रे आस्ता लास दिएस’ याचा अर्थ ‘दहापर्यंत उघडे’ असा न होता ‘दहाशिवाय उघडत नाही’ असा होऊ शकतो. असा विद्यार्थी ‘द शॉप ओपन्स अंटिल टेन’ म्हणाला, तर त्याला काय म्हणायचे आहे हे आधी विचारून घ्यावे आणि मग ‘डझन्ट ओपन अंटिल टेन’ हे रूप द्यावे.

जिथे काहीच नसते किंवा अचानक काही लागते

काही चुका शब्द बदलण्याच्या नसून तो गाळण्याच्या किंवा जादा घालण्याच्या असतात. स्पॅनिशमधली ‘एस्पेरार’, ‘एस्कुचार’ आणि ‘बुस्कार’ ही क्रियापदे वस्तूला थेट भिडतात, म्हणून ‘आय वेट द बस’, ‘आय लिसन म्युझिक’, ‘आय लुक माय कीज’ ही वाक्ये तयार होतात. वेट फॉर, लिसन टू आणि लुक फॉर हे प्रत्येकी एकच क्रियापद आहे असे समजून लिहायला शिकवावे. वहीत ‘वेट’ असे सुटे लिहूच देऊ नये. पैसे देण्याबाबतही तोच प्रकार होतो: बिल पे करतात, परंतु कॉफीसाठी पे फॉर लागते.

उलट बाजूला ‘एन्त्रार एन’, ‘दिस्फ्रुतार दे’, ‘आसिस्तीर आ’ आणि ‘दिस्कुतीर सोब्रे’ यांच्या जागी इंग्रजीत एंटर, एन्जॉय, अटेंड आणि डिस्कस ही क्रियापदे एकटी उभी राहतात. ‘डिस्कस अबाउट’ ही चूक आपल्याकडेही ‘विषयी चर्चा’मुळे रुजलेली आहे, त्यामुळे ती कानाला खटकत नाही आणि तपासताना सुटते. ‘आसिस्तीर’बाबत दुहेरी काळजी लागते, कारण विद्यार्थी त्याचे ‘असिस्ट’ करतो, ज्याचा इंग्रजी अर्थ मदत करणे असा आहे.

सांगणे आणि समजावणे या क्रियापदांत जादा व गाळीव दोन्ही चुका शेजारीच सापडतात. से टू मी, परंतु टेल मी. आणि एक्स्प्लेन टू मी. ‘एक्स्प्लेन मी’ ही चूक ‘एक्स्प्लिकामे’ या रूपातून येते, ज्यात ‘मला’ क्रियापदालाच चिकटलेले असते. माणसांआधी येणारा स्पॅनिश ‘आ’ही कधीकधी इंग्रजीत घुसतो, आणि सुरुवातीचे विद्यार्थी ‘आय सॉ टू मारिया’ असे म्हणतात. ही सवय लवकर जाते, त्यासाठी वेगळा धडा नको.

वाक्याच्या रचनेतल्या दोन अडचणी

स्पॅनिशमध्ये प्रिपोझिशननंतर क्रियापदाचे मूळ रूप येते: ‘आन्तेस दे कोमेर’. त्यामुळे ‘बिफोर टू ईट’ तयार होते. इंग्रजीत तेथे आयएनजी रूप लागते, आणि ‘लुक फॉरवर्ड टू सीइंग यू’ येथे तर टू दिसल्यामुळे विद्यार्थ्याला मूळ रूप घालण्याचा मोह अधिकच होतो. टूच्या जागी नाम बसवून पाहण्याची चाचणी शिकवावी. ‘लुक फॉरवर्ड टू द पार्टी’ चालते, म्हणजे तो टू प्रिपोझिशन आहे आणि त्यानंतर आयएनजी येणार.

दुसरी अडचण प्रश्नांची आहे. स्पॅनिश प्रश्नात प्रिपोझिशन नेहमी पुढे असते: ‘कोन क्येन आब्लास?’ इंग्रजी मात्र ते वाक्याच्या शेवटी सोडून देते: ‘हू आर यू टॉकिंग टू?’ विद्यार्थ्याला हा शेवट अर्धवट वाटतो आणि तो टू गाळतो. या प्रश्नांचा शिक्षकाला मोठा उपयोग आहे. एरवी बोलताना इंग्रजी माणूस फॉर, टू, ॲट, ऑफ हे शब्द इतके दाबून उच्चारतो, की प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ देणाऱ्या स्पॅनिश कानाला ते ऐकूच येत नाहीत. जे ऐकू येत नाही ते बोलण्यात कुठून येणार? वाक्याच्या शेवटी आल्यावर मात्र हेच शब्द पूर्ण उच्चारले जातात. म्हणून ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर?’, ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’, ‘व्हॉट डझ इट डिपेंड ऑन?’ असे प्रश्न आधी ऐकवावेत, विद्यार्थ्याकडून पूर्ण वाक्यात उत्तरे घ्यावीत, आणि नंतरच वेगाने बोललेली साधी वाक्ये ऐकवावीत. श्रवणाचा हा क्रम मला सर्वांत फलदायी वाटतो.

गतीच्या क्रियापदांतही एक खोल फरक आहे, जो लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञाने 1985च्या लेखनात मांडला. इंग्रजी हालचालीची रीत क्रियापदात ठेवते आणि दिशा लहान शब्दात: ‘रॅन इन’. स्पॅनिश दिशा क्रियापदात ठेवते आणि रीत वेगळी सांगते: ‘एन्त्रो कोर्रिएन्दो’, धावत शिरला. मराठीही येथे स्पॅनिशच्या बाजूची आहे. म्हणून ‘ही एंटर्ड रनिंग’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण मराठी शिक्षकाला अनुभवाने समजू शकते, आणि ‘रॅन आउट’, ‘क्लाइम्ब्ड अप’, ‘क्रेप्ट इन’ अशी रूपे चित्रांवरून करून घेण्यास त्याने अधिक वेळ द्यावा.

सराव आणि दुरुस्ती

विद्यार्थ्याला एक वही करायला सांगावी, जिची पाने ‘एन’, ‘दे’, ‘आ’, ‘कोन’, ‘पोर’, ‘पारा’ आणि ‘काहीच नाही’ अशा नावांची असतील. प्रत्येक चूक तिच्या स्पॅनिश पानावर जाते: डावीकडे पूर्ण स्पॅनिश वाक्य, उजवीकडे पूर्ण इंग्रजी वाक्य. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून त्याने डावीकडून पुन्हा इंग्रजी लिहावे. काही आठवड्यांत कोणते पान भरत चालले आहे ते दिसू लागते आणि पुढचा तास कशावर घ्यायचा हे वेगळे ठरवावे लागत नाही. स्पेनमधला विद्यार्थी ‘एन्त्रार एन’ लिहील आणि लॅटिन अमेरिकेतला बहुधा ‘एन्त्रार आ’; दोन्ही शुद्ध आहेत, पान मात्र बदलते.

ब्रिटिश की अमेरिकन इंग्रजी, हे आरंभीच ठरवावे. ॲट द वीकेंड आणि ऑन द वीकेंड, फिल इन अ फॉर्म आणि फिल आउट अ फॉर्म, इन हॉस्पिटल आणि इन द हॉस्पिटल या जोड्यांत दोन्ही रूपे आपापल्या जागी योग्य आहेत. मेक्सिकोतला विद्यार्थी बहुधा अमेरिकन रूपे ऐकून आलेला असतो. त्याला ब्रिटिश पुस्तकातून शिकवताना त्याची बरोबर असलेली रूपे चूक म्हणून खोडली जाणार नाहीत, याकडे विशेष लक्ष द्यावे.

बोलताना प्रत्येक चुकीवर थांबवू नये. ‘डिपेंड ऑफ’ ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, त्यामुळे ते टिपून ठेवून तासाच्या शेवटी घेतले तरी चालते. जिथे अर्थच बदलतो तिथे मात्र लगेच थांबवावे. ‘प्रेगुन्तार पोर’ म्हणजे एखाद्याची चौकशी करणे. त्याचे ‘आस्क फॉर’ केले तर ऐकणारा त्या माणसाला बोलावून आणायला जाईल, कारण इंग्रजीत चौकशीला आस्क अबाउट लागते. बाय आणि अंटिल, शाउट टू आणि शाउट ॲट, ऑपोझिट आणि इन फ्रंट ऑफ, ऑन द वे आणि इन द वे याही याच वर्गातल्या जोड्या आहेत. यांतली चूक ऐकताच वाक्य थांबवून, विद्यार्थ्याला त्याचे स्पॅनिश वाक्य मोठ्याने म्हणायला लावावे आणि मग इंग्रजी वाक्य पुन्हा पूर्ण बोलून घ्यावे.